मागील बाकी

अतिमानवी नायकांच्या चित्रकथा हा आपल्या मासिकाचा नित्याचा विषय नव्हे. तथापि आपल्या घरांतील मुले त्या आवडीने वाचतात आणि माझ्या पिढीलाही वाचनाची पहिली गोडी इंद्रजाल कॉमिक्सनेच लावली. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका मराठीतही निघत असे. साखरखेर्ड्यासारख्या गावात तिचा एकेक अंक दहा घरे फिरून परत येई, तोवर त्याचे मुखपृष्ठ गळालेले असे.

वेताळ हा तिचा लाडका नायक. जंगलातील लोक त्याला अमर मानत. वाचकाला मात्र ठाऊक असे की हा एकविसावा वेताळ आहे. बाप गेला की मुलगा शपथ घेई, तोच वेष धारण करी आणि कवटीच्या गुहेतील बखरींत पुढचे पान लिहू लागे. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला यात परके काय वाटावे? आमच्या पेढीवरही आजोबांच्या अक्षरातील वह्यांच्या शेजारी वडिलांच्या वह्या होत्या. १९७७ साली वेताळाचे डायनाशी लग्न झाले, पुढे जुळी मुले झाली. कथेचा संसार असा पुढे सरकत असे.

पुढे इंग्रजी वाचता येऊ लागले, तसा मी सुपरमॅन, बॅटमॅन आणि स्पायडरमॅन यांच्याकडे वळलो. त्यांच्या कथांतील कल्पकता थोर आहे, यात शंका नाही. परंतु गेल्या काही दशकांत तेथे दोन प्रथा रूढ झाल्या. पहिली महासंगमाची: सर्व नायकांना एका संकटात एकत्र आणायचे आणि ‘यापुढे काहीच पूर्ववत राहणार नाही’ अशी द्वाही फिरवायची. दुसरी पुनरारंभाची: चालू मालिका थांबवून पुन्हा पहिल्या अंकापासून मोजणी सुरू करायची.

२००६ साली मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’ची मुख्य कथा सात अंकांची होती, पण तिचे धागे इतर अनेक मालिकांत पसरले होते. साखर हवी असेल तर चहाची पुडीही घ्यावी लागेल, असे सांगणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, ते सांगायला नको. १९९२ साली सुपरमॅन मरण पावला आणि पुढच्याच वर्षी परतला. स्पायडरमॅनचे १९८७ साली झालेले लग्न वीस वर्षांनी मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून पुसून टाकण्यात आले. २०११ साली डीसीने एकाच महिन्यात बावन्न मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. १९३८ पासून चालत आलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या ९०४ क्रमांकानंतर थेट १ आला. पाच वर्षांनी मधले बावन्न अंक जुन्या मोजणीत मिळवून ९५७ क्रमांकाचा अंक निघाला. जमाखर्च अखेर जुन्याच वहीत आणावा लागला!

नव्या वाचकाला दार उघडे असावे, हे मलाही मान्य आहे. आपणही दिवाळीला, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष उगवताना, नवी वही पूजतो. पण त्या वहीत मागील बाकी ओढून घेतो. येणे तेवढे आणले आणि देणे विसरलो, असे करत नाही. वडिलांच्या पश्चात पेढी माझ्याकडे आली, तेव्हा त्यांची पत आली आणि त्यांचे देणेही आले. वही नवी होते, हिशेब नवा होत नाही.

आपल्या चरित्रग्रंथांत तर हा हिशेब जन्मांच्याही पलीकडे जातो. श्वेतांबर परंपरेतील महावीरचरित्रात भगवंतांचे सत्तावीस भव सांगितले आहेत. त्रिपृष्ठ वासुदेवाच्या भवात त्यांनी शय्यापालकाच्या कानात तापलेले शिसे ओतविले. अखेरच्या भवात गुराख्याने त्यांच्याच कानांत खुंट्या ठोकल्या. देह बदलला, नाव बदलले; कर्माची बाकी मात्र पुढे आली.

आमच्या गावानेही एक पुनरारंभ पाहिला आहे. १७२४ साली येथे निजाम-उल्-मुल्कने मुबारिझ खानाचा पराभव केला आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. त्या लढाईने हैदराबादच्या राज्याचा पाया घातला आणि ते राज्य १९४८ पर्यंत टिकले. नवे नाव मात्र लोकांच्या ओठी राहिले नाही. आम्ही साखरखेर्डेकरच राहिलो. घटना खरी असेल तर तिचे परिणाम टिकतात, त्यासाठी पाटी बदलावी लागत नाही.

माझ्या निराशेचे कारण पैशाहून मोठे आहे. परवा माझा बारा वर्षांचा पुतण्या एका नायकाच्या मृत्यूचे पान वाचत होता. मी विचारले, “वाईट नाही वाटले?” तो शांतपणे म्हणाला, “काका, तो येईलच परत.” आणि त्याने पान उलटले. मरणाने ज्याचे मन हलत नाही, अशी सवय कथेने मुलाला लावावी, हे मला सोसवत नाही. करुणा ही आपल्या धर्माची पहिली शिकवण आहे, आणि गेलेले परत येत नाही हे कळल्याशिवाय ती अंगी मुरत नाही. म्हणून या सुट्टीत मी त्याला माळ्यावरचे वेताळाचे अंक काढून दिले आहेत. आधीचे वीस कुठे गेले, असे त्याने विचारले आहे. उत्तर त्याने वाचूनच शोधावे.