फोटोच्या पाठीवर

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी मुक्कामाला होते आणि शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि तट्ट्यांसारख्या आसपास मिळणाऱ्या सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं होतं. अध्यक्षांची मिरवणूक सजवलेल्या बैलरथातून निघाली. या सगळ्याचे फोटो आहेत. ते पुस्तकांत छापले जातात, जयंती-पुण्यतिथीला फलकांवर लागतात. खाली नावं असतात आणि ती नावं सगळ्यांना पाठ असतात.

त्याच फोटोंच्या कडेला आणखी माणसं आहेत. कोणी बैलाचा कासरा धरून उभा आहे, कोणाच्या खांद्यावर बांबू आहे, कोणी कॅमेऱ्याकडे पाठ करून पाण्याची घागर ठेवतंय. ती यावल-रावेरकडची माणसं, माझ्या माहेरची. त्यांची नावं कुठल्याही फोटोखाली मला सापडली नाहीत. शाळेत इतिहास शिकवताना ही गोष्ट मला सतत खुपायची. निवृत्तीनंतर जळगावात स्थिरावले, तरी ती डोक्यातून जाईना. शेवटी फोन आणि एक जाड वही घेऊन मी फैजपूर, सावदा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांच्या घरी जायला लागले.

सुरुवातीला फारसं कोणी दारात उभं करत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. बहुतेक घरांतून पूर्वी कोणी ना कोणी ‘पुस्तकात छापायचा आहे’ म्हणून फोटो नेलेला होता आणि तो परत आलेला नव्हता. एका आजोबांनी तर भिंतीवरची रिकामी चौकट दाखवली. त्यांचे वडील त्या चौकटीत होते. तेव्हा मी ठरवलं की फोटो घराबाहेर न्यायचाच नाही. ओट्यावर, सावलीत, उजेड आडवा येईल अशा जागी तो ठेवायचा, काचेवर चकाकी येऊ नये म्हणून फोनच्या मागे काळं कापड धरायचं आणि तिथंच फोनवर टिपून जागच्या जागी परत लावायचा. हे कळल्यावर लोक स्वतःच पेट्या उघडू लागले. फडताळातल्या, कोठीतल्या, देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या पेट्या!

फैजपूरच्या एका घरात मला हवा तसा फोटो मिळाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तळहाताएवढा. टोप्या घातलेले पुरुष तीन रांगांत, पुढची रांग मांडी घालून बसलेली. मागे तट्ट्याची भिंत. कडांना चंदेरी झाक आलेली, तिरका धरला तर आरशासारखी चमकणारी. जुन्या फोटोतली चांदी पृष्ठभागावर येते तेव्हा असं होतं. उजव्या कोपऱ्यात कसर लागून एका माणसाचा खांदा गेलेला. घरातले आबा म्हणाले, ‘हे अधिवेशनाचे स्वयंसेवक. मधल्या रांगेत डावीकडून चौथे आमचे वडील.’ बाकीचे? आबांनी हात वर केले. ‘मले काय मालूम बापा! वडील होते तेव्हा विचारायला पाहिजे होतं.’

पुठ्ठ्याची पाठ कोरी होती.

मी त्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली आणि गल्लीगल्लीतून फिरवली. लोक चेहऱ्यावरून ओळखतील असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ओळखायचे ते भलत्याच खुणांवरून. एका घरात नव्वदीतल्या जिजी खाटेवर पडून होत्या. सुनेनं त्यांना उठवून बसवलं, चष्मा लावला. त्यांनी प्रत डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि मागच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवलं. ‘हा माहा दीर होये. पाहा त्याचा कान.’ कानाची पाळी खरंच फाटलेली होती. लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं म्हणे. मग जिजी त्या दिरावर बरंच बोलल्या. केळीची पहिली बाग घरात त्यानं केली, तापीला पूर आला की पैलतीरावरच्या नातलगांसाठी त्याचा जीव खालीवर व्हायचा, लग्न झालं नाही. त्याचं नाव पुढे चालवणारं कोणी नव्हतं, म्हणून घरातही ते कोणी घेत नव्हतं. त्या दिवशी वहीत ते नाव लिहिलं गेलं.

पुढच्या रांगेत एक पोरगा बसलाय, पंधरा-सोळा वर्षांचा, टोपी मोठी होऊन कपाळावर उतरलेली. त्याच्यावर दोन घरांनी हक्क सांगितला. एका घरात तो आजोबा, दुसऱ्यात चुलत आजोबा. दोघांच्याही सांगण्यात तथ्य वाटत होतं, दोघांकडेही त्या माणसाचा दुसरा फोटो नव्हता. मी दोन्ही नावं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. ज्याला पुढे काही सापडेल त्यानं ते पुसावं. एकच नाव लिहून मोकळं होणं सोपं होतं, पण मग दुसऱ्या घरातला माणूस आपण कायमचा पुसला असता.

फोटोंच्या शोधात पोस्टकार्डं आपोआप हाती आली. स्कॉटलंडमधल्या कोळशाच्या खाणींच्या खेड्यांची जुनी चित्र-पोस्टकार्डं मी पाहिली होती. ब्रिटनमध्ये १९०२ साली टपाल खात्यानं कार्डाच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर लिहायची मुभा दिली. दुसरी अख्खी बाजू चित्राला मोकळी झाली आणि गावोगावच्या फोटोवाल्यांनी चार गल्ल्यांच्या वस्तीचीसुद्धा कार्डं काढली. त्यामुळे खाण बंद पडून कित्येक दशकं उलटली तरी तिथल्या माणसाला आपली गल्ली, कामगारांच्या घरांच्या रांगा, आपली शाळा पाहता येते. आपल्याकडे चित्र-पोस्टकार्डं निघाली ती प्रामुख्यानं मुंबईसारख्या शहरांची, ताजमहालाची, मोठ्या देवस्थानांची. यावलच्या गल्लीचं कार्ड कोण छापणार आणि कोण विकत घेणार? आमच्याकडचं कार्ड म्हणजे ख्यालीखुशालीचं, १८७९ पासून चालत आलेलं सरकारी कार्ड.

सावद्याजवळच्या एका धाब्याच्या घरात ही कार्डं तारेला होती. टोकाला आकडा वळवलेली लोखंडी तार, खाली लाकडाची चकती, आणि आलेलं प्रत्येक कार्ड मधोमध टोचून त्यात ओवलेलं. सगळ्यात खाली सर्वांत जुनी कार्डं. वरून एकेक काढत मी खाली गेले तसे छापील शिक्के बदलत गेले. अशोकस्तंभ संपला, राजाचं डोकं आलं. प्रत्येक कार्डाच्या मध्यावर गंजाचं तांबूस भोक. तिथला शब्द गेलेला. तरी बाकी सगळं वाचता येत होतं, कारण लिहिणाऱ्यांनी कार्ड कसं वापरलं होतं! वर ‘श्री’, मग मायना, मग बारीक मोडी वळणाचं बाळबोध, जागा संपली की समासात आडवं आणि शेवटी पत्त्याच्या कडेला उलटं. एका कार्डावर पंचम जॉर्ज आहे आणि तारीख आहे डिसेंबर १९३६ ची. थोरला भाऊ धाकट्याला कळवतो: अधिवेशनाच्या कामाला घरची गाडी पाठवतो आहे, तिचं जू नवीन करून घ्या, पांढऱ्या बैलाचा खूर दुखतो आहे तेव्हा दुसरी जोडी जुंपा, आईला आणू नका, थंडी फार आहे.

अधिवेशनाबद्दल त्या कार्डात याहून जास्त काही नाही. नेहरूंचं नाव नाही. मला मात्र हे कार्ड अधिवेशनाच्या कुठल्याही फोटोइतकंच मोलाचं वाटतं. इतकी माणसं एका खेड्यात आली, राहिली, जेवली, ती अशा घरोघरच्या गाड्यांच्या, बैलांच्या जिवावर. आणि आई? तिला यायचं होतं का, कोणी विचारलं होतं का, हे त्या कार्डात नाही.

त्या तारेत एकाही मृत्यूची बातमी नव्हती. मोठं कुटुंब, इतकी वर्षं, आणि कोणी गेलंच नाही असं कसं होईल? घरातल्या काकूंनी उलगडा केला. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं, वाचून लगेच फाडून टाकायचं, मग अंघोळ करून घरात यायचं. तसलं कार्ड घरात ठेवायची रीत नाही. त्यामुळे बारशी, लग्नं, केळीचे भाव, बदल्या, परीक्षांचे निकाल हे सगळं तारेला लागलं, आणि गेलेली माणसं तेवढी गळली. जुन्या कागदांतून गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यानं ही रीत ठाऊक ठेवायला हवी.

बायकांचं तर फोटोतही असंच. एका घरात आजेसासूबाईंचा फोटो होता, ताठ बसलेल्या, डोळे जरा जास्तच मोठे. हात लावून पाहिलं तर डोळे रंगवलेले. नातसून हळू आवाजात म्हणाली, ‘त्या गेल्यावर काढलाय. जिवंतपणी कोणी काढलाच नाही.’ ऐनवेळी तालुक्याहून फोटोवाल्याला बोलावून आणलं, आधार देऊन बसवलं, फोटो काढला आणि मग डोळे रंगवून घेतले. असे फोटो मला नंतरही भेटले. आणि जिवंतपणी काढलेल्या फोटोंतल्या बायकांचं नाव विचारलं की उत्तर यायचं, ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची दुसरी.’ सासरचं नाव कसंबसं मिळायचं, माहेरचं क्वचितच. मी हट्टानं दोन्ही विचारते. त्यासाठी माहेरच्या गावी फोन लावायला सांगते, आणि लोक लावतातही.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते एका जुन्या फोटो स्टुडिओत. आजोबांनी सुरू केलेला स्टुडिओ नातू चालवतो. काचेच्या निगेटिव्ह आहेत का, असं विचारल्यावर तो म्हणाला, होत्या, खोलीभर होत्या. वडिलांनी सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन काच साफ केली आणि फोटोंच्या चौकटींना वापरली. म्हणजे गावात आज ज्या काचेआड देवांचे फोटो आहेत, त्यातल्या कित्येक काचांवर कधी काळी गावातलीच माणसं होती. मी त्यांना दोष देत नाही. त्या काळी चांगली काच महाग होती आणि चेहऱ्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

कागद वाचवण्याच्या बाबतीत खानदेश मागे नाही, म्हणून तर हे जास्त लागतं. धुळ्याला नानासाहेब देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं गावोगाव, मठामठांतून फिरून जमवली. समर्थ वाग्देवता मंदिर त्यातूनच उभं राहिलं. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी उभा महाराष्ट्र पालथा घालून ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्यांचा संग्रह आजही सांभाळतं. चाळीसगावला केकी मूस यांनी स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात, जवळजवळ घराबाहेर न पडता, आयुष्यभर कॅमेऱ्याची साधना केली. १९८९ साली ते गेले, पण त्यांचं घर आणि काम संग्रहालय म्हणून टिकलं. बखरी, सनदा, पोथ्या, थोर कलावंताची कलाकृती यांना आपण जागा दिली. साध्या घरातल्या साध्या माणसाच्या फोटोला अजून दिलेली नाही.

आणि वेळेवर कोणी टिपून ठेवलं की काय होतं हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरकाम करताना, शेतात त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं कागदावर उतरवून ठेवलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली पुस्तक आलं. ते कागदावर आलंच नसतं तर?

फोटोतल्या नावांचंही तेच आहे. नाव शेवटी एकदोन म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात शिल्लक असतं. खाटेवरच्या त्या जिजी मी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात गेल्या. मधल्या आणि मागच्या रांगेतले अजून कितीतरी जण त्यांनी कदाचित ओळखले असते, पण त्या दिवशी त्या दमल्या होत्या आणि मी पुन्हा येईन म्हणाले होते.

म्हणून वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. या दिवाळीच्या साफसफाईत जुने फोटो बाहेर निघतील, तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. डावीकडून उजवीकडे, रांगेनं, नावं विचारा. बायकांची दोन्ही नावं विचारा. गाव, अंदाजे साल, प्रसंग, आणि सांगणाऱ्याचं नाव फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनं, दाब न देता लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. पाठ गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उठत नसेल तर कागदी पाकिटावर लिहून फोटो त्यात ठेवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट टिपून घ्या. चिकट पानांच्या प्लास्टिक अल्बममधून फोटो काढून ठेवा, तो चिकटा फोटो खातो. तारेला लावलेली कार्डं असतील तर रद्दीत घालू नका. आणि डिसेंबर १९३६ मधला टोपीवाल्या माणसांचा, मागे तट्ट्याची भिंत असलेला एखादा फोटो तुमच्या घरी असेल, तर तो कोणालाही देण्याआधी त्यातली नावं लिहून ठेवा.