नातवाच्या किडनीची सूज

शीळफाटा, ठाणे

प्रिय मैत्रिणीस,

तुझा निरोप रात्री ऐकला. बाळ सहा आठवड्यांचं, डाव्या किडनीला सूज, पेल्विस (किडनीतली लघवी गोळा होण्याची जागा) १२ मिलिमीटर, आणि तिकडचे डॉक्टर सांगतात, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. तू चिडून विचारतेस, ‘अगं, पण किडनी काम करते की नाही, ते का सांगत नाहीत?’ माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत दिवा, पलावा, खिडकाळीहून येणाऱ्या आयासुद्धा हेच विचारतात.

सोनोग्राफीत किडनीचा आकार दिसतो, काम थेट दिसत नाही. कोणत्या किडनीचा कामात किती वाटा, हे रेनोग्राम सांगतो. शिरेतून टेक्नेशियम जोडलेलं औषध द्यायचं आणि ते किडनीत किती शिरतं, किती वेळात बाहेर पडतं, हे गॅमा कॅमेऱ्यानं पाहायचं. वाटा साधारण ४५ ते ५५ टक्के असला की निर्धास्त; ४० च्या खाली गेला की सर्जन गंभीर होतात. पण अगदी तान्ह्या बाळाची किडनी कच्ची असते, म्हणून ही तपासणी सहसा सहा आठवड्यांनंतरच करतात, आणि करायची तर सुई टोचावी लागते, थोडा किरणोत्सार असतो, बाळाला निश्चल ठेवावं लागतं. आमच्याकडे त्यात प्रवासाची भर. जेएनपीटीचे कंटेनर, कल्याणची वाहनं, महापे-पनवेलची गर्दी सगळी या एका फाट्यावर येऊन अडकते. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं. ते काही आपल्यासाठी थांबत नाही. भुकेलं तान्हं मांडीवर घेऊन ट्रॅफिकमध्ये बसलेली आई आठवली की वाटतं, ही तपासणी ज्याला खरंच हवी त्यालाच सांगावी.

आणि ती कोणाला हवी, हे ठरवायला सोनोग्राफी फार उपयोगी पडते. मी आधी सुजेच्या कडेनं उरलेला किडनीचा गर पाहते. पेल्विस फुगलं तरी गर जाड, एकसारखा असेल, तर माझा जीव भांड्यात पडतो. गर पातळ झाला, पांढुरका दिसू लागला, त्यात बारीक गाठी दिसल्या, की मी लगेच फोन उचलते. मग दुसऱ्या किडनीची लांबी. एक मागे पडली की दुसरी तिचा भार उचलते आणि वयाच्या मानानं मोठी होत जाते. अलीकडे संशोधक गराचं आणि साठलेल्या पाण्याचं क्षेत्रफळ मोजून त्यांचं गुणोत्तर रेनोग्रामशी ताडून पाहतात. मला ती दिशा पटते, पण ते मोजमाप रेनोग्रामची जागा घेईल असं आज म्हणवत नाही. डॉपलरमधल्या रेझिस्टिव्ह इंडेक्सवर, म्हणजे रक्तप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याच्या आकड्यावर, तर तान्ह्या बाळात मी भिस्त ठेवतच नाही, मोठ्यांचा ०.७ चा नियम बाळांना लावता येत नाही, त्यांचा आकडा मुळातच जास्त असतो.

मोजताना काळजी न घेतली तर फसगत होते. मूत्राशय भरलेलं असेल तर सूज वाढलेली दिसते, म्हणून बाळानं शू केल्यावर मी पुन्हा मोजते. जन्मानंतर पहिले दोन दिवस अंगात पाणी कमी असल्यानं सूज लपते. नवजात किडनीतले काळे त्रिकोण म्हणजे पिरॅमिड, तेही नवख्या डोळ्याला पाणी साठल्यासारखे भासतात. एका खेपेचा १२ आणि पुढच्या खेपेचा १४, दोन्ही वेगवेगळ्या स्थितीत मोजलेले असतील तर त्यांची तुलना फुकट.

तुझ्या नातवाची सूज एकाच बाजूची आहे. अशा सुजा बहुतेकदा आपोआप ओसरतात, म्हणूनच थांबा म्हणतात. दोन्ही किडन्या फुगल्या असत्या आणि मूत्राशयही जाड असतं, तर मुलग्यात मूत्रमार्गातल्या पडद्याची शंका घेऊन पहिल्या दिवसापासून धावपळ झाली असती.

सुनेला एवढं सांग: बाळाला ताप आला, मग सर्दी-खोकला असो वा नसो, तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं आणि लघवी तपासायची. आणि रिपोर्टचा फोटो पाठव. दोन्ही किडन्यांची लांबी, गराची जाडी आणि सुजेची तीव्रता सांगणारी एसएफयूची ग्रेड, १ ते ४ पैकी कोणती, हे मला बघायचंय. यातलं काही लिहिलेलंच नसेल, तर तिथे फोन करून मागून घे.

तुझी मैत्रीण