दक्षिण काशीचा मुक्काम

रायगडच्या किनाऱ्यावरून : भाग ४

भाद्रपद वद्य त्रयोदशी, हरिहरेश्वर

श्रीवर्धनहून दुपारच्या एसटीने आलो. हे पेशव्यांचं कुलदैवत. पहिल्या बाजीरावांनी १७२३ साली देवळाचा जीर्णोद्धार केला. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, असा इथला दर्शनाचा क्रम. तो पाळून गुरुजींना गाठलं.

"तिथी कोणती?"

आजीची तिथी घरात कुणालाच ठाऊक नाही. वडील चार वर्षांचे असताना ती गेली. फोटोही नाही.

"मग सर्वपित्रीलाच करू. ती अशांसाठीच असते."

चतुर्दशी

शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध आज. खानावळीच्या काकू उद्याच्या वड्यांचं पीठ मळत होत्या. मी जपानात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट त्यांना सांगितली. तिथे ओबोन असतो, बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावरून लवकर यावं आणि परतताना गाईवरून सावकाश जावं. शेवटच्या रात्री क्योतोत पाच डोंगरांवर निरोपाचे जाळ पेटवतात, कुठे नदीत कागदी दिवे सोडतात.

काकूंचा हात थांबला. "आमच्याकडे चंपाषष्ठीपर्यंत वांगं घरात येत नाही हो. पण सावकाश जावं, हे बरं केलंनी."

रात्रभर ते वाक्य मनात राहिलं. आपण पितरांना बोलावतो मनापासून, पण कावळा शिवला की सुटल्यासारखे पानांवर बसतो.

सर्वपित्री अमावास्या

किनाऱ्यावर भरतीचा हिशेबही तिथीवरच चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्येचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. त्यात आज उधाण. "साडेआठच्या आत वर यायला हवं," गुरुजींनी बजावलं.

देवळामागच्या पायऱ्या उतरून विष्णुपदापाशी आलो. लाटांनी कोरलेले, जाळीदार काळे खडक. बोटात दर्भाचं पवित्रक, जानवं अपसव्य, पळसाच्या पानावर भाताचे पिंड, काळे तीळ. गोत्र उच्चारून गुरुजी थांबले, "आता आजीचं नाव." जन्मात पहिल्यांदा ते मोठ्याने घेतलं. घरी तिला कुणी नावाने आठवलंच नव्हतं, नुसती 'गेलेली आजी'. लाटांच्या आवाजात गुरुजींना ऐकू गेलं नाही, पुन्हा घ्यावं लागलं. बरं वाटलं.

पाणी खालच्या खडकावर चढलं. "सोडा आता," गुरुजी म्हणाले. बाकीचे पिंड सोडले. तिचा मात्र आणखी दोन लाटा जाईपर्यंत ओंजळीत धरून उभा राहिलो. गुरुजींनी घाई केली नाही.