पाव फेऱ्याची गोष्ट

आमच्या घरात तीन भाषा नांदतात. मी मराठीत बोलतो. आमची सौ. माहेरची कलबुर्गीची, त्यामुळे ती मुलाशी कन्नडमध्ये बोलते. आणि आदिलाबादच्या बाजारात पाऊल टाकले की तिघांचीही तेलुगू सुरू होते. पण मध्यंतरी एका सायकलीने आम्हा सगळ्यांना एकाच शब्दावर आणून ठेवले. तो शब्द म्हणजे ‘स्वल्प’.

त्याचे असे झाले. दहावीनंतर चिरंजीवांना लांबच्या प्रवासाची, गिअरवाली सायकल घेऊन दिली होती. तीन वर्षे छान चालली. मग दिवाळीच्या सुमारास त्याची तक्रार सुरू झाली. मागचा गिअर बदलला तरी चेन मोठ्या चक्रीवर चढायची नाही, आणि चढलीच तर मध्येच खटकन खाली घसरायची. मी न बघताच निदान केले, ‘‘तुला गिअर टाकता येत नाही. चढावर जोर लावून टाकतोस, मग असेच होणार!’’

दर रविवारी मी डिरेलरजवळचा गोल अ‍ॅडजस्टर फिरवून देई. चार दिवस बरे जात, पुन्हा तेच. एकदा तर चिडून डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रूही फिरवून पाहिले.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही बापलेक कुंतालाचा धबधबा पाहायला पहाटेच निघालो. तो त्याच्या सायकलीवर, मी माझ्या जुन्या साध्या सायकलीवर. गुडीहत्नूर मागे पडले आणि एका चढावर ‘टक’ असा आवाज झाला. मागच्या गिअरची केबल तुटली होती. केबलचा ताण गेला की डिरेलरची स्प्रिंग चेनला सर्वांत लहान चक्रीवर नेऊन टाकते, म्हणजे सर्वांत जड गिअरवर. पुढची लहान चक्री टाकून, चढाला उतरून ढकलत, आम्ही तिथूनच परत फिरलो. वाटेत तो एवढेच म्हणाला, ‘‘बाबा, मी जोर नव्हता लावला.’’

घरी येऊन हँडलवरचा शिफ्टर उघडला, तेव्हा खरा प्रकार दिसला. ही केबल जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची, बारीक तारांना पीळ देऊन केलेली असते. शिफ्टरच्या आत ती वळते, आणि त्या वळणावर एकेक तार कधीची तुटत आली होती. जेवढ्या तारा तुटत, तेवढी केबल सैल पडे. ते सैल पडणे मी दर रविवारी अ‍ॅडजस्टरने झाकत होतो. दुखणे आत होते आणि मी पोराला बोल लावत होतो.

गावात ब्रेकची तार लगेच मिळाली, पण ती चालत नाही. ती जाड असते आणि तिचे डोकेही वेगळे असते. बाहेरच्या नळीतही फरक आहे. ब्रेकच्या नळीतली तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, तर गिअरच्या नळीत तारा लांबीला सरळ असतात. म्हणून ती दाबली जात नाही. १९८४ साली शिमानो कंपनीने दर टिचकीला एक गिअर बदलणारी पद्धत बाजारात आणली. तिथे एका टिचकीला केबल दोन-तीन मिलिमीटरच सरकते. नळी तेवढीच दबली तर गिअर चुकलाच. म्हणून केबल आणि नळी हैदराबादच्या भाच्याकडून मागवली.

या वेळी मुलगा काम करत होता आणि मी पकड हातात देत होतो. आधी शिफ्टर सर्वांत लहान चक्रीच्या खुणेवर आणला, तरच जुन्या केबलचे डोके बाहेर येते. नळी कापल्यावर चेपलेले तोंड दाभणाने मोकळे केले. केबल ओवली, हाताने ताणून बोल्ट आवळला. मी बिघडवलेले ते दोन स्क्रू पुन्हा जागेवर आणले. त्यांचे काम एवढेच, की चेन एका टोकाला फ्रेमकडे आणि दुसऱ्या टोकाला चाकाच्या आऱ्यांत पडू नये. मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नाही. चेन आऱ्यांत गेली नाही हे नशीबच म्हणायचे.

मग अ‍ॅडजस्टर. चेन मोठ्या चक्रीवर चढायला कुरकुरली तर तो मागून पाहताना घड्याळाच्या उलट फिरवायचा, लहान चक्रीवर उतरायला अडली तर सुलट. माझा हात पुढे गेला आणि सवयीने मी दोन फेरे दिलेही. तेवढ्यात चहा घेऊन आलेली सौ. म्हणाली, ‘‘स्वल्प तडीरी!’’ मुलगा हसला. त्याने माझे दोन्ही फेरे मागे घेतले आणि पाव फेरा दिला. पेडल फिरवून पाहिले. आणखी पाव फेरा. चौथ्या खेपेला चेन सगळ्या चक्र्यांवरून मुकाट चढली, उतरली.

‘‘त्या वेळी तुझे ऐकायला हवे होते,’’ मी म्हणालो. तो केबलच्या टोकाला टोपी चेपत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘चालतं हो, बाबा.’’

नवी केबल थोड्या प्रवासानंतर जागेवर बसते आणि पुन्हा किंचित सैल पडते. तशी ती पडली. पण या वेळी मी आधी विचारले, ‘‘नक्की काय होतंय?’’ त्याने सांगितले. पाव फेरा पुरला. पुढच्याच रविवारी आम्ही कुंतालाला पोहोचलो.