खोबरचं ऊन आणि गाडीची किल्ली

भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास कॉर्निशवर नेतो, पाण्याच्या टॉवरसमोर फोटो काढतो आणि समुद्रावरून थेट बहारीनला जाणारा, 1986 साली खुला झालेला 25 किलोमीटरचा किंग फहद कॉजवे दाखवतो. हे झालं पाहुण्यांचं अल-खोबर. घरच्यांचं अल-खोबर बघायचं असेल तर ऑगस्टमधल्या दुपारी एक वाजता उघड्या पार्किंगमध्ये उभं राहावं. आपल्या शेजारच्या धाहरानला 8 जुलै 2003 रोजी दवबिंदू 35 अंशांवर गेल्याची नोंद आहे. म्हणजे ऊन वाळवंटाचं आणि घाम मुंबईला लाजवणारा! अशा हवेत शाळा सुटल्यावर मुलं मागच्या सीटवर बसलेली असावीत आणि किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टकटकटक' व्हावं.

24 जून 2018 पर्यंत हा प्रश्न घरातल्या पुरुषांचा होता. त्या दिवसापासून इथे बायकांना गाडी चालवता येऊ लागली, तशी किल्ली आमच्या पर्समध्ये आली आणि किल्लीबरोबर हे 'टकटक'ही आलं. नवरा जुबैलला कामावर, फोनवर तो तरी काय करणार?

पुण्यात थंडीत गाडी कुरकुरते, म्हणून बॅटरीचा शत्रू थंडी असं आपल्याला वाटतं. खरं तर बॅटरी खंगते ती उन्हाने. आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडतं. थंडी फक्त तिचं बिंग फोडते. इथली बॅटरी बरेचदा दोन-तीन उन्हाळ्यांतच दमते.

मी पूर्वी शाळेत शिकवायचे, त्यामुळे लक्षणं मुलांना सांगावीत तशी सांगते. भराभर टकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठली आहे. एकच मोठा 'टक्' आणि दिवे लख्ख, तर संशय स्टार्टरवर. काहीच आवाज नाही आणि दिवे मात्र ठीक, तर आधी गिअर 'पी'वर आहे ना ते पाहा. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल किंवा स्पार्कची तक्रार आहे.

आमच्या इमारतीतल्या मालवणच्या वहिनींची गाडी एका उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बंद पडायची. बॅटरी नवी टाकली, तीही उतरली. पार्किंग लाइट चालू राहतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शेवटी सनाइयातल्या मिस्त्रीने पायाशी वाकून मॅटवरचे प्लास्टिकचे तुकडे दाखवले. ब्रेकच्या पेडलमागे एक बोटाच्या पेराएवढं बटण असतं, काही गाड्यांत ते जुनं होऊन चुरतं. मग पाय काढला तरी ब्रेकचा स्विच दाबला जात नाही आणि मागचे दिवे रात्रभर जळतात. "अगो, एवढ्याश्या बटणापायी दोन महिने मी घरात बसले!" वहिनी म्हणाल्या. त्या दोन महिन्यांत मुलाचा पोहण्याचा क्लास बुडाला होता आणि दवाखान्यात जायलाही त्या कुणाच्या तरी सवडीची वाट बघत होत्या. तेव्हा गाडी बंद करून उतरल्यावर एकदा मागे वळून बघा, सगळे दिवे विझलेत ना.

गाडी बंद पडलीच तर घाबरू नका. मुलांना आधी सावलीत किंवा दुकानात न्या, बंद गाडीत बसवू नका. शेजारच्या गाडीवाल्याला 'इश्तिराक' एवढा एक शब्द म्हणा. जंप केबलला इथे तेच म्हणतात आणि मदतीला बहुतेक कुणीतरी थांबतंच. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. गाडी सुरू झाल्यावर लगेच घराशी बंद करू नका, अर्धा-पाऊण तास चालवा.

आता सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी हिशेब. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म वगैरे 50 मिलिअँपिअरच्या आसपास वीज खात राहतात. दिवसाला 1.2 अँपिअर-तास, तीस दिवसांत 36. आपली बॅटरी साधारण 60ची, तीही उन्हाने थकलेली. म्हणून विमानतळावर निघण्याआधी बॅटरीची उणे बाजूची, म्हणजे काळी वायर सोडून ठेवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आमच्याकडे तो स्वयंपाकघरात, चकलीच्या सोऱ्याशेजारच्या खणात असतो. दोन्ही वस्तू इमारतभर फिरून परत येतात.