चाळिशीपासूनची राखण

• मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के; पण स्वस्थ बसल्यावर शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो घेतो. ती रक्तावाटे येते. म्हणून मेंदू जपायचा तर आधी रक्तवाहिन्या जपाव्या लागतात, आणि त्या साठीत नव्हे, चाळिशीत.

• या रक्तवाहिन्यांवर ताण आणणारं बीपी वाढलेलं असलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद केली जाते. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

• ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले : उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, डोक्याला मार, एकाकीपणा, प्रदूषित हवा वगैरे. हे सारे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल.

• त्याच यादीत कमी ऐकू येणंही आहे. चष्म्याची लाज कुणाला वाटत नाही, कानाचं यंत्र मात्र कपाटात पडून राहतं. ऐकू येईना की माणूस गप्पांतून बाजूला होतो, मग लग्नकार्यंही टाळतो. नजरेचंही तेच. मोतीबिंदू ‘पिकू दे’ म्हणत वर्षं घालवू नयेत.

• फिनलंडमध्ये मिआ किविपेल्टो यांच्या गटाने ६० ते ७७ वयाच्या, धोका अधिक असलेल्या १,२६० जणांचा अभ्यास केला. निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं सगळं एकत्र दिलं. बौद्धिक चाचण्यांत ते बाकीच्यांपेक्षा सरस ठरले. नुसती शब्दकोडी सोडवून हे साधत नाही.

• भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. कमी शिक्षण हाही त्या १४ धोक्यांपैकी एक. मुलीची शाळा सुटू न देणं म्हणजे तिचं म्हातारपण जपणंही आहे.

• रोजचं : मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि त्यात पापड-लोणचंही धरायचं. दम लागेल असं चालणं. हेल्मेटचा पट्टा लावलेला. विडी-सिगारेट बंद. पुरती झोप. कट्ट्यावर रोजची माणसं.

• घरातलं कुणी ओळखीचा रस्ता चुकू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसरायला होतं आणि त्यांवर उपचार आहेत. लवकर दाखवा.