अल्फामाच्या उतारावर

लिस्बन म्हणजे सात टेकड्यांचे बंदर. मुलीच्या हट्टाखातर बिस्मिल्लाह म्हणत मी सेगवेवर चढले. पुढे झुकले की गाडी धावते, मागे झुकले की थांबते. पहिल्याच उतारावर पाय लटपटले. "खाली नको, समोर बघा," गाइड म्हणाली. वर्गात मुलांना मीच हे सांगते!

अरुंद गल्ल्यांचा अल्फामा आला. हे नाव अरबी 'अल-हम्मा'वरून पडले, म्हणजे गरम पाण्याचा झरा. ११४७ मध्ये मुसलमानांची सत्ता गेली. उरलेल्यांना किल्ल्याच्या पायथ्याशी मोरारियात वसवले गेले. शब्द मात्र तिथेच राहिला. आपल्या ताटातला 'पाव'ही पोर्तुगीजांचाच ना? उर्दू शिकवणाऱ्या मला परक्या गल्लीत ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

परतताना उतार तोच होता. मी मात्र समोर बघत होते.